बाटलेला पाळणा

"पहा बे, हिच्या छातीवर रुई पिकली!"

देवराव मुकादम हे ओरडला तेव्हा पट्टा तुटून इंजिन नुकतंच थांबलं होतं. कापसाच्या जिनमध्ये यंत्रं फिरत असली की शेजारच्या बाईचं बोलणं ऐकू येत नाही, आणि थांबली की सुई पडली तरी ऐकू येते. त्याचं बोलणं पार शेवटच्या बाईपर्यंत गेलं. हमाल वळले. इंजिनात तेल घालणारा वळला. सरकीची पोती शिवणारे दोघं हातात दाभण धरून वळले.

मी खाली पाहिलं. चोळी पुढून भिजली होती. दोन्हीकडून. त्या ओलीवर कापसाची धूळ बसून दोन पांढरे गोल झाले होते.

"शेठचा माल ओला करून राह्यली काय वं?" मुकादम म्हणाला. "तुले कापूस लावाले ठेवलं हाय का दूध सांडाले?"

माणसं हसली. बायाही हसल्या. पदर तोंडाला लावून हसल्या. त्यातल्या एकीचं लेकरू तर माझ्या लेकीहून लहान होतं, तिची चोळी कधी भिजत नसेल का? पण आज बोलणं माझ्यावर होतं, म्हणून तिनं हसून घेतलं. उद्या तिच्यावर आलं असतं तर कदाचित मी हसले असते. त्याला तेच तर पाहिजे होतं.

मी पदर ओढून घेतला. पदरालाही रुईच होती. लाज मला वाटली. ज्याला वाटायला पाहिजे होती तो तंबाखू मळत होता.

आम्ही नागपूरला जाऊन धम्म घेतला, त्यानंतरच्या दोनतीन वर्षांतली ही गोष्ट. घरातले देव टोपलीत भरून नाल्यात सोडले होते. मेलेली ढोरं ओढणं बंद केलं होतं. लेक झाली तिचं नाव सुजाता ठेवलं. वस्तीत कोणी पोरीला धोंडी, दगडी म्हणायचं नाही असं ठरलं होतं. पण गावाच्या तोंडी महारवाडा तो महारवाडाच राहिला. जिनमध्ये तहान लागली की आम्ही खाली बसून ओंजळ करायची, आणि कोणाला दया आली तर त्यानं वरून पाणी ओतायचं. नाही आली तर भोंगा होईपर्यंत कोरड्या घशानं उभं राहायचं.

कळंबच्या वाटेवर होती ती जिन. दिवाळी झाली की सुरू व्हायची, होळीपर्यंत चालायची. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला रेचा म्हणतात. आम्ही बाया त्या रेच्यांपुढे रांगेनं उभ्या. दोन्ही हातांनी कापूस लावत राहायचा. हात थांबला तर मुकादम येतो, हात जास्त पुढं गेला तर बोट जातं. आमच्या हातचं पाणी कोणाला चालायचं नाही. आमच्या हातची रुई चालायची. ती शेठच्या गादीत जायची, मुनीमजींच्या उशीत जायची, देवळातल्या वातीत जायची. तिला कधी विटाळ झाल्याचं मी ऐकलं नाही.

सासू माझ्या लग्नाआधीच वारलेली. आई दूर, महागावकडे. नवरा बाजारात हमाली करायचा. म्हणजे घरी लेकरू धरायला कोणी नाही. कोंबड्याआधी उठायचं. दळण दळायचं, आमच्या वेगळ्या विहिरीवरून पाणी आणायचं, चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, नवऱ्याची भाकर फडक्यात बांधून द्यायची, पोरीला पाजायचं, तिला पाठीशी बांधायचं आणि भोंग्याच्या आत फाटक गाठायचं. संध्याकाळी सगळं उलटं. नवरा आणि मी जवळपास एकाच वेळी घरी यायचो. तो ओट्यावर बसायचा, मी चुलीपुढे. "दोघंबी बसलेलेच हावो नं," असं तो गमतीनं म्हणायचा. गंमत त्याला वाटायची.

माणूस वाईट नव्हता. दारू पीत नव्हता, हात उचलत नव्हता. त्याच्याकडे वस्तीतली माणसं जमायची आणि समतेवर बोलायची. चांगलं बोलायची, ऐकताना अंगावर काटा यायचा. मधूनच आवाज यायचा, "अवं, चहा ठेवजो!" मी मांडीवर पोरीला पाजत पाजत एका हातानं फुंकणी मारायची. माणूस माणसासारखा, कोणी वर नाही, कोणी खाली नाही, असं ऐकत ऐकत मी त्यांच्या उष्ट्या कपबश्या गोळा करायची.

जिनच्या आवारात एक मोठा कडुनिंब होता. कुणब्यांच्या, तेल्यांच्या बायांची लेकरं त्याच्या सावलीत. तांड्यावरून येणाऱ्या बंजारा बायांची थोडी बाजूला, अर्ध्या सावलीत. आमची लेकरं पार भिंतीला लागून, उन्हात. लेकराला सुद्धा कुठं निजायचं ते ठरवून दिलेलं. सगळ्यांवर लक्ष ठेवायला मुकादमाची बायको होती. तिला आम्ही मुकादमीण म्हणायचो. ती लक्ष ठेवायची म्हणजे गोळी द्यायची.

अफूची गोळी. मोहरीच्या दाण्याएवढी. बोटावर गुळाबरोबर चुरायची आणि लेकराच्या जिभेला लावायची. मग लेकराला भूक नाही, माशी नाही, आई नाही. भोंगा होईपर्यंत झोप. विटाळ होईल म्हणून ती आमच्या लेकरांना हात लावायची नाही, गोळी तेवढी आयांच्या हातावर वरून टाकायची आणि आम्ही आमच्या हातानं द्यायची. सगळ्याच बाया द्यायच्या. कोणी हौसेनं देत नव्हतं. लेकरू रडलं तर बाई रेचा सोडणार, बाईनं रेचा सोडला तर अर्धी रोजी कापणार. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, तशातली गत. त्या बायांना मी आजही नावं ठेवत नाही.

मी देत नव्हते. कारण मी सोमलीचं पाहिलं होतं.

सोमली माझ्या बाजूच्या रेच्यावर उभी राहायची. जवळच्याच तांड्यावरची. हातात कोपरापर्यंत बांगड्या, तोंडाची फाटकी, मुकादमालासुद्धा ऐकवायची. तिचा मुलगा नुकता बसायला लागला होता. एका संध्याकाळी भोंगा झाला, सगळ्यांनी आपापली लेकरं उचलली, तशी तिनंही उचलला. त्याची मान मागं पडली. तिनं हलवला. गालावर टिचक्या मारल्या. हलवत हलवतच ती फाटकापर्यंत चालत गेली.

"निजू दे वं," मुकादमीण मागून म्हणाली. "घरी जाऊन उठीन."

तो उठला नाही.

आठवड्याच्या आतच सोमली कामावर परत आली. पोट थांबत नाही. पण दूधही थांबलं नव्हतं. छातीला फडकं आवळून बांधायची, तरी ठणकायचं. दुपारच्या सुट्टीत ती कडुनिंबाच्या मुळाशी बसून दूध पिळून टाकायची. पायदळी येऊ नये म्हणून मुळाशी. आणि तिथून हाकेच्या अंतरावर माझी सुजाता भुकेनं रडत असायची, कारण दिवसातून एकदा पाजून तिचं भागत नव्हतं. हे सोमलीला दिसत होतं. मलाही दिसत होतं. तिनं माझ्या लेकीला छातीशी लावलं असतं तर तांड्याच्या नाईकानं तिला पंचांपुढे उभं केलं असतं. म्हणून दूध मुळाशी जात होतं आणि लेकरू रडत होतं. जात काय असते हे मला कोणत्या सभेत जाऊन शिकावं लागलं नाही.

बाकी सगळी लेकरं झोपलेली. म्हणून आवारात रडणं एकाच लेकराचं. ऑफिसात बसलेल्या मॅनेजरसाहेबाला त्याचा त्रास व्हायचा.

"तुह्यीच पोट्टी काहून बोंबलते?" मुकादम म्हणायचा. "बाकीच्याइची पाह्य, कशी शहाण्यावानी निजते."

अफू चाटलेल्या लेकरांना तो शहाणी म्हणायचा.

दाराजवळचा रेचा मी मागून घेतला होता. तो कोणाला नको असायचा, कारण वारा आला की सगळी धूळ तोंडावर. मला तिथून भिंत दिसायची आणि इंजिन चालू असतानाही पोरीचं रडणं बारीक ऐकू यायचं. ते ऐकू आलं की छाती दाटायची, चोळी भिजायची. मुकादमाला दिसले ते गोल असे आलेले होते.

ऑफिसला लागून एक खोली होती. तिच्या दारावर पाटी. मी दुसरीपर्यंत शाळेत गेले होते, अक्षराला अक्षर लावून वाचता यायचं. एका सुट्टीत मी ती पाटी मोठ्यानं वाचली. पा, ळ, णा, घ, र.

"म्हंजे काय?" सोमलीनं विचारलं.

"कामावरच्या बायाइची लेकरं ठेवाची खोली," मी म्हणाले.

आम्ही दोघींनी खिडकीतून डोकावून पाहिलं. आत सुतळीची बंडलं, तुटके पट्टे आणि मॅनेजरसाहेबाची सायकल. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. सोमली हसली. मुलगा गेल्यावर ती पहिल्यांदाच हसली होती, आणि तसं हसणं मला कोणाचंही पुन्हा ऐकायचं नाही.

संक्रांत होऊन गेली. एका सकाळी फाटकातून आत पाय टाकला तर आवार झाडून काढलेलं. पाण्याचा सडा टाकलेला. रांजणावर नवं झाकण. आणि पाळणाघराचं दार सताड उघडं. आत भिंतींना चुना. सायकल गेली, सुतळी गेली, आणि वरच्या लाकडी आड्याला पाळणे टांगलेले. लाल, हिरवे, त्यांना लाकडाचे पोपट लटकवलेले. ऑफिसातल्या बाबू लोकांच्या घरचे पाळणे ते. पाळण्यांबरोबर लेकरंही त्यांचीच आणली होती. न्हाऊमाखू घातलेली, काजळ घातलेली, अंगात झबली. मधल्या मोठ्या पाळण्यात मुनीमजींचं बाळ होतं आणि मुनीमजींची बायको काठाचं लुगडं नेसून दोरी धरून बसली होती.

कारखाने तपासणारे साहेब येणार होते.

"आज त्या खोलीकडं कोणी फिरकाचं नाई," मुकादमानं आम्हाला उभं करून सांगितलं. "साहेबानं विचारलं त सांगाचं, लेकरं पाळण्यात राह्यते, दूध पाजाले सुट्टी भेटते. समजलं?"

"अन् आमची लेकरं कोठी ठेवाची?" कोणीतरी विचारलं.

"त्याइची सोय केली हाय."

मी नेहमीसारखी भिंतीजवळ तीन काठ्यांची झोळी बांधली, सुजाताला पाजून तिच्यात ठेवलं. मुकादमीण लांब उभी राहून बघत होती.

"माह्या पोट्टीले गोळी नाई द्याची," मी तिला म्हणाले.

"मी कायले शिवतो तुह्या पोट्टीले?" ती म्हणाली आणि थुंकली.

त्यावर मी विश्वास ठेवला. माझ्या जन्मापासून माझ्या वाट्याला जे आलं होतं, त्यावरच मी भरवसा ठेवून कामाला लागले. विटाळ निदान माझ्या लेकीची एवढी तरी राखण करील असं मला वाटलं.

दुपार व्हायला आली. जीपचा आवाज आला, मोठी माणसं ऑफिसकडे गेली. मुकादम आमच्यामागून फिरत राहिला, हात चालवा, हात चालवा. आणि माझं दूध आलं. त्याला घड्याळ लागत नाही. छाती दाटली, चोळी भिजली, तिच्यावर रुई बसायला लागली. मी दाराकडे कान दिला. रडणं आलं नाही.

निजली असेल, म्हणून मी कापूस लावत राहिले. पुन्हा कान दिला. चोळी पोटापर्यंत ओली झाली. दूध आलं होतं आणि रडणं आलं नव्हतं. ती जन्मल्यापासून असं कधीच झालं नव्हतं.

मी रेचा सोडला. मुकादम मागून ओरडला. मी भिंतीकडे पळाले. झोळी नव्हती. माझीच काय, एकाही लेकराची झोळी नव्हती. कडुनिंबाखाली नुसती झाडलेली माती.

सरकीच्या कोठाराच्या दारात मुकादमीण बसली होती. मी तिला बाजूला सारून आत घुसले. आत अंधार आणि सरकीचा कोंदट वास. ढिगावर लेकरं ओळीनं निजवलेली. कुणब्याचं, तेल्याचं, बंजाऱ्याचं, आमचं. एकाला लागून एक, कुणाचा हात कुणाच्या तोंडावर. सावली नाही, अर्धी सावली नाही, ऊन नाही. ज्या समतेचं बोलणं मी चहा देताना ऐकायची, ती मी डोळ्यांनी पहिल्यांदा त्या कोठारात पाहिली. अफूनं आणली होती ती.

सुजाता कडेला होती. मी उचलली तर अंग ढिलं. ओठाला काळपट डाग. मी वास घेतला. गूळ, आणि गुळाखाली तो कडवट वास.

"तू शिवत नाई नं हिले?" मी म्हणाले.

"साहेब आले हायेत," मुकादमीण म्हणाली. "बोंबलली असती त समद्याइची रोजी बुडाली असती. काय झालं एवढं? घरी जाऊन आंघोळ करीन मी."

झोळीतून पोरीचं डोकं लोंबलं, तोंडावर माशा घोंगावल्या, तरी ह्या बाईनं कधी बोट लावलं नव्हतं. अफू द्यायला शिवली. आणि वर अंघोळ तिनं करायची होती.

मी बाहेर आले. डोळ्यांपुढे सोमलीच्या मुलाची मागं पडलेली मान होती. घरी पळावं, वैद्याकडे पळावं, असं मनात आलं नाही असं नाही. पण वैद्य आमच्या वस्तीत पाय ठेवत नव्हता, आणि शिकलेला माणूस आज ह्याच आवारात बसला होता. मी पाळणाघरात शिरले.

साहेब खुर्चीवर बसले होते. पुढं स्टुलावर चहा आणि पेढे. मॅनेजरसाहेब उभे राहून काहीतरी सांगत होते. मुनीमजींची बायको झोके देत होती. मी सरळ मधल्या पाळण्याकडे गेले, मुनीमजींचं बाळ उचलून त्याच्या आईच्या मांडीवर ठेवलं, आणि सुजाताला पाळण्यात निजवलं.

"साहेब, हिले उठवून दाखवा," मी म्हणाले.

"ही कोण? ए देवराव!" मॅनेजर ओरडले.

"मी रेच्यावरची बाई हावो. हे माह्यी पोट्टी हाय. हे खोली हिच्यासाठी हाय. बाहेर पाटीवर लिहेल हाय."

साहेब उठले. पाळण्यावर वाकले. त्यांनी तिची पापणी वर केली, सोडली. पापणी आपोआप पडली.

"काय दिलंय हिला?"

"आफू."

मॅनेजर हसले. "ह्या बायांची जुनी खोड आहे साहेब. आपल्या हातानं पोरांना अफू चाटवतात. आम्ही एवढे पाळणे टांगलेत, पण ह्यांच्या डोक्यात शिरेल तेव्हा ना."

चोराच्या उलट्या बोंबा. मी साहेबांकडे पाहिलं. शिकलेला माणूस, सरकारचा माणूस. आता हा बोलेल.

"बाई, तू आई आहेस ना?" साहेब मला म्हणाले. "आईनं लेकराला विष द्यावं? थोडी तरी माया ठेवावी."

पट्टा तुटला त्या दिवशी सगळे हसले होते, तेव्हा मी मान खाली घातली होती. ह्या वेळी घातली नाही. मी पदर बाजूला केला. सगळ्यांसमोर. चोळीवर ते दोन पांढरे गोल होते.

"हे पहा साहेब," मी म्हणाले. "हे दूध हाय. हिच्यासाठी आलं, हिच्या तोंडात गेलं नाई, शेठच्या कापसावर सांडलं. हे मी देलं. तिच्या ओठावर जे लागलं हाय, थे मी देलं नाई. थे ह्या जिननं देलं."

साहेबांनी नजर वळवली. अफूवरून नाही, माझ्या छातीवरून.

दारात सोमली उभी होती. माझ्यामागं रेचा सोडून आली होती.

"मारो छोरा असाच निजला होता, साहेब," ती म्हणाली. "थो उठलाच नाई."

"हिचा मुलगा तापानं गेला," मॅनेजर घाईघाईनं म्हणाले.

"तुमी पाह्यला होता?" सोमलीनं विचारलं.

साहेब म्हणाले, चौकशी करू. मग त्यांनी कपात उरलेला चहा उभ्या उभ्या संपवला आणि ते जीपकडे चालू लागले. चहा टाकून गेले असते तरी मी त्यांना माणूस म्हटलं असतं.

तेवढ्यात मागून रडणं ऐकू आलं. मुनीमजींची बायको हुंदके देत होती. मला वाटलं माझ्या लेकीला बघून हिचं काळीज हललं. मी तिच्याकडे वळले.

"माझ्या माहेरचा पाळणा गं!" ती म्हणत होती. "हिनं बाटवला. आता हा घरी कसा नेऊ मी?"

माझी पोर मरणाच्या दाराशी होती आणि ती लाकडासाठी रडत होती. तिचंही बाळ तेवढंच होतं. तिच्याही अंगावर दूध होतं.

"नका नेऊ," मी म्हणाले. "राहू द्या इथंच."

"बाहेर काढा हिला," मॅनेजर म्हणाले. मुकादम पुढं आला आणि दोन हात अंतरावर थांबला. मला बाहेर काढायचं तर मला धरावं लागणार होतं, आणि इतक्या लोकांदेखत तो मला शिवणार नव्हता. तो ओरडत राहिला. मी पाळण्याखाली बसले.

"पोट्टी उठल्याबिगर मी हालत नाई," मी म्हणाले.

बाया कोठाराकडे धावल्या. आपापली लेकरं छातीशी धरून आल्या आणि दारात थबकल्या. बाबू लोकांनी आपली लेकरं उचलून नेली होती, पाळणे रिकामे हलत होते. एकीनंही आपलं लेकरू आत घातलं नाही. एका कुणबिणीनं कांदा फोडून आणला, पण उंबऱ्याबाहेरूनच फेकला. मी तो सुजाताच्या नाकाशी धरला. आणि सोमली आत आली. तिनं बांगड्या मागं सारल्या, खाली बसून माझ्या लेकीचे तळपाय मांडीवर घेतले आणि घासायला लागली. तांडा काय म्हणेल ते ती बोलली नाही, मीही बोलले नाही. "उठ याडी, उठ याडी," एवढंच म्हणत होती. त्यांच्यात आईला याडी म्हणतात, लाडानं लेकीलाही.

ऊन उतरलं तेव्हा सुजाता कण्हली. मग तिनं तोंड वेडंवाकडं केलं आणि रडली. घोगरं, तुटक रडणं. मी तिला तिथंच पाजलं. पहिल्यांदा ओकली, दुसऱ्यांदा पोटात राहिलं. सोमली उठून बाहेर कडुनिंबाकडे गेली. ती का गेली ते मला कळलं, म्हणून मी तिला हाक मारली नाही.

घरी गेले तर बातमी माझ्याआधी पोचली होती.

"पोट्टी वाचली नं?" नवरा म्हणाला. "मंग साहेबापुढं कायले तमाशा केला? आता रोजी गेली नं."

"उद्यापासून पोट्टी तुमी न्या हमालीले," मी म्हणाले. "एका खांद्यावर पोतं, दुसऱ्या खांद्यावर हे. रडली त गोळी नाई द्याची."

तो ओट्यावर बसून राहिला. मी चुलीकडे गेले नाही. पोरीला मांडीवर घेऊन त्याच्या समोर बसले. दोघंही बसलेलो. बऱ्याच वेळानं तो उठला, त्यानं चूल पेटवली, घरभर धूर केला. भाकर कच्ची राहिली. मी ती खाल्ली, पण चांगली झाली असं म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी मी भोंग्याच्या आधी फाटकावर गेले. सुजाता कडेवर.

"तुह्यं काम बंद," मुकादम म्हणाला. "जाय घरी, लेकरू सांभाळ. बाईच्या जातीनं थेच करावं."

माझ्या आईनं मला शेताच्या बांधावर टाकून निंदण केलं, तिच्या आईनं तिला. आमच्या बाईच्या जातीला घरी बसून लेकरू सांभाळायला कोणी कधी सांगितलं नव्हतं. फुकट राबवून घेताना नाही सांगितलं. आज सांगत होता.

फाटकातून पाळणाघराचं दार दिसत होतं. बाकीचे पाळणे गेले होते. मुनीमजींच्या बायकोच्या माहेरचा तेवढा आड्याला टांगलेला. घरचे त्याला शिवेनात आणि बाटलेला कायले उचलाचा म्हणून हमालही हात लावेनात.

"थो पाळणा माह्या लेकीनं बाटवला," मी म्हणाले. "म्हंजे थो आता तिचा. तिचा पाळणा आत हाय, त थे आत जाईन. अन् थे आत गेली त मी रेच्यावर जाईन."

मुकादम हसला. पण ह्या वेळी त्याच्याबरोबर कोणी हसलं नाही. बाया माझ्या बाजूनं खाली बघत आत गेल्या. सोमली थांबली, तिनं सुजाताच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तीही आत गेली. तिलाही पोट भरायचं होतं. भोंगा झाला, फाटक लागलं. मी फाटकापुढं रस्त्यावर बसले.

ऊन चढलं. मी पोरीला पाजलं, जाणाऱ्या-येणाऱ्यांदेखत, पदर न घेता. पोट भरलं तरी ती रडत होती. कालचं विष अजून अंगात होतं.

"गप्प कर वं तिले!" मुकादम आतून ओरडला. "मॅनेजरसाहेब बसले हायेत!"

"नाई करत," मी म्हणाले. आणि सुजाताला म्हणाले, "रड माय. जोरानं रड. आत आयकू जाऊ दे."

काम सोड म्हणणारे भेटले, लेकरू गप्प कर म्हणणारे भेटले, आई आहेस ना म्हणणारे भेटले. त्यांतल्या एकालाही कधी काम आणि लेकरू ह्यांतलं एक निवडावं लागलं नव्हतं. मी निवडणार नाही. तिथं बसल्या बसल्या मी हे ठरवलं. उद्या येईन, परवा येईन. हे फाटक नाही उघडलं तर दुसऱ्या जिनच्या फाटकावर जाईन. मी कामाला येईन तेव्हा लेकरू माझ्या कडेवर असेल, आणि ते जागं असेल.